पोहण्याचं शेवटी बघू

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही. इस्पितळातला तो तरुण डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होता — पाण्यात नेमकं काय झालं, तुम्ही जवळच होतात ना — त्यालाही नाही. देवापुढे हात जोडतो तेव्हासुद्धा एवढी गोष्ट वगळून बाकीचं बोलतो, जणू मी सांगितल्याशिवाय त्याला कळणारच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि उद्या राजूरच्या चहाच्या टपरीवर आपली गाठ पडायची नाही.

सुरुवात कुठून करू? खरं म्हणजे पाण्यापासून करायला हवी. पण अवघड असेल ते मी नेहमी शेवटी ठेवतो. तेव्हाही तेच केलं, आताही तेच करतोय. तर सायकलपासून सुरू करू. सायकलवर मी बरा आहे.

नवीन जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत मी कामाला आहे. उगवण तपासतो. ओल्या कागदात बी गुंडाळून ठेवायचं, काही दिवसांनी कागद उलगडायचा, उगवलं किती आणि सडलं किती ते बघायचं. बसून बसून पोट सुटलं, रक्तात साखर निघाली, डॉक्टरांनी दम भरला आणि मी गिअरची सायकल घेतली. सकाळी भोकरदन रोडला निघायचो. आधी लोक हसले, मग त्यांना सवय झाली. मला मात्र चटक लागली. चाळिशी उलटल्यावर माणसाला आपलं काहीतरी जमतंय असं वाटणं — ही काय चीज असते, तुम्हाला माहीत असेल.

दाजी म्हणजे माझ्या अक्काचे मालक. भोकरदनला शाळेत गणित शिकवायचे. ‘शिकवायचे’ लिहिताना हात अडखळतो, कारण दाजी आहेत. भोकरदनलाच आहेत. पण ते पुढे येईल.

दाजी पळायचे. अगदी पोरवयापासून. अर्धी चड्डी घालून रस्त्यावर यायची लाज वाटायची म्हणून पँट पोटऱ्यांपर्यंत दुमडून पळायचे. शेतावर निघालेल्या म्हाताऱ्या विचारायच्या, “मास्तर, कोन मागं लागलंय?” दाजी न थांबता हात जोडायचे. त्यांचं पळणं बघत राहावं असं होतं. पाय जमिनीला लागतोय की नाही कळायचं नाही, खांदे जागच्या जागी, तोंडावर कसलाही ताण नाही. मला दाजी आवडायचे. आणि त्यांचा हेवाही वाटायचा. एकाच माणसाबद्दल दोन्ही वाटू शकतं, यात काही मोठं नाही. लहानपणी अक्का जगभर माझं कौतुक सांगत फिरायची. लग्नानंतर त्यांचं सांगायला लागली. एवढीच कुरबुर. पण मनात राहिली ती राहिलीच.

दर रविवारी मी जालन्याहून आणि दाजी भोकरदनहून सायकलवर निघायचो आणि राजूरला भेटायचो. चहा, भजी, घरच्या गप्पा, की परत. अशाच एका रविवारी दाजींनी मोबाइल पुढे केला. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं फोटो टाकला होता — ओला, दमलेला, गळ्यात पदक. ट्रायथलॉन. आधी पोहायचं, लगेच सायकल, लगेच पळायचं, मधे बसायचं नाही.

“पाव्हणं, व्हतंय का आपल्याच्यानं?”

“का नाही होणार,” मी म्हणालो. सायकल माझी, पळणं तुमचं, असं काहीतरी बोललोही असेन. नवशिक्यांसाठी एक छोटी शर्यत असते, तीन-चार महिने हाताशी होते. फक्त एकच ठरवायचं राहिलं होतं. तिन्हींपैकी आधी कशावर जोर द्यायचा? नोकरी सांभाळून सगळं सारखं होत नाही. जो या वाटेला लागतो त्याला पहिल्या दिवशी हाच प्रश्न पडतो.

दाजी गणिताचे. त्यांनी सरळ उत्तर दिलं. “जे येत न्हाई ते आधी. पळनं मला येतं. सायकल जराशी येती. पोहनं म्हनलं तं विहिरीत पोहलो तेवढंच. मंग पोहन्यापासून सुरू करू ना. तुमाला तं येतंच. तुमीच शिकवा.”

बराबर होतं. बिलकुल बराबर. आणि मी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

कारण मला पोहता येत नव्हतं.

हा झाला पहिला गुन्हा. ऐकायला किती किरकोळ वाटतो, नाही? चाळिशीतल्या माणसाला पोहता येत नाही. मराठवाड्यात निम्म्यांना येत नसेल. पण मला येतं असं माझं सगळं गणगोत तीस वर्षं समजत होतं.

मामाचं गाव परतूरकडे. उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळी पोरं मळ्यातल्या विहिरीवर. पाठीला हवाबंद पत्र्याचा डबा बांधायचा आणि उडी टाकायची. डबा बुडू देत नाही. हळूहळू धीर येतो, मग एके दिवशी डबा सोडायचा. ‘डबा सोडला’ म्हणजे पोरगं पोहायला शिकलं. माझ्याबरोबरच्या सगळ्यांनी सोडला, माझ्यापेक्षा लहान होती त्यांनीही. मला नाही जमलं. खालचं काळं पाणी दिसलं की हात काठ सोडायचे नाहीत. एका दुपारी विहिरीवर कुणी नाही असं बघून मी गेलो, पोहऱ्यानं डोक्यावर पाणी ओतून घेतलं, डबा खांद्यावर टाकला आणि निथळत घरी आलो. अंगणात अक्का होती. म्हणालो, “सोडला.” तिनं मला गच्च धरलं. तोंडात गूळ कोंबला. संध्याकाळपर्यंत गावात ज्याला त्याला सांगून आली.

तिच्या लग्नात ही बातमी तिच्यासोबत सासरी गेली. दाजींच्या मळ्यात मोठी विहीर. ते वरून असा मुटका मारायचे की पाणी थेट काठावरच्या बायकांच्या अंगावर. मला दरवेळी बोलवायचे. मी दरवेळी कानाला हात लावायचो — कान वाहतोय दाजी, डॉक्टर नको म्हणालेत. वीस वर्षं माझा कान वाहत होता. अक्कानं त्यासाठी लसणाचं तेलही करून दिलं होतं. त्या तेलानं कान बरा झाला, असंही मी अलीकडे सांगून बसलो होतो.

आता तरणतलावात दाजींसोबत उतरायचं म्हणजे पहिल्याच दिवशी पितळ उघडं पडणार. तेव्हा खरं सांगता आलं नसतं का? आलं असतं. दाजी हसले असते, पाठीत एक धपाटा घातला असता आणि तिथेच विषय मिटला असता. मला ते तेव्हाही ठाऊक होतं.

मी म्हणालो, “पोहण्याचं शेवटी बघू, दाजी.”

आणि मग पटवून दिलं. बोलण्यात मी कच्चा नाही. म्हणालो, पोहण्याचं अंतर सगळ्यात कमी असतं, सगळा वेळ जातो सायकलवर. नवीन माणसानं सायकलवरच भर द्यायचा असतो, जाणकार हेच सांगतात. तरणतलाव संभाजीनगरला, तिथं जाऊन-येऊन दिवस मोडतो, तेवढ्यात आपली तीन वेळा सायकल होईल. यातलं काही खोटं नव्हतं, हे बघा. खोटं लपवायला मी खरंच वापरलं. आणि वरून त्यांना चढवलं — “तुम्ही विहिरीत वाढलेले. तुम्हाला काय शिकायचं राहिलंय?”

दाजींनी थोडा विचार केला. मग म्हणाले, “तुमी म्हंता तं शेवटी.” सायकलीच्या बाबतीत ते मला गुरू मानायचे. ही शर्यतही सायकलीसारखीच, असं त्यांनी धरलं असावं.

पुढचे सगळे रविवार आम्ही सायकली हाणल्या. दाजी तयार होत गेले. आणि मला झोप येईना. कारण शेवटी म्हटलं तरी शेवट येणारच होता. माघार घेता आली असती, पण कंपनीत सांगून बसलो होतो, बायको मैत्रिणींना सांगून बसली होती. तेव्हा मी काय केलं असेल?

मी चोरून पोहायला शिकलो.

मीटिंग आहे म्हणून संभाजीनगरला जायचो. पोहायचे कपडे ऑफिसच्या कपाटात ठेवायचो. बायको म्हणायची, केसांना कसला वास येतोय? मी म्हणायचो, लॅबमधलं औषध. शिकवणारा चांगला होता. पाण्यात तोंड घालायला मला किती दिवस लागले ते सांगायची लाज वाटते. पण जमलं. श्वास कधी घ्यायचा, तोंड बाजूला कसं वळवायचं, दमलं की पाठीवर होऊन कसं पडून राहायचं. एका संध्याकाळी या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही न धरता गेलो आणि कठड्याला डोकं टेकून रडलो. इतक्या वर्षांनी डबा सुटला होता. तेव्हा पहिली आठवण कुणाची आली सांगू? दाजींची. फोन करावासा वाटला. केला नाही.

आता जे सांगतोय ते नीट वाचा.

त्याच तरणतलावात एकदा एक माणूस आला. शेतकरी गडी, दंड हे असे. येताच सूर मारला आणि डोकं पाण्याबाहेर ठेवून झपाझप निघाला, पाणी फेकत. सगळे बघत राहिले. निम्म्यात गेला आणि थांबला. एक हात बाजूला लांब केला — चाचपडल्यासारखा. काय शोधत होता ते मला लगेच कळलं. विहिरीचा दगड. आमच्याकडे ‘पोहता येतं का’ याचा अर्थ एवढाच असतो, की विहिरीत उडी मारून बाहेर येता येतं का. चार हात मारले की दगड हाताला लागतो, त्याला धरून दम खायचा, पुन्हा चार हात. चार हातांपुढचं पोहणं विहिरीला ठाऊकच नसतं. त्या माणसाला दगड सापडला नाही. तो गपकन खाली गेला. शिकवणाऱ्यानं बांबू पुढे करून ओढला, बाहेर काढला, तो खोकत खोकत हसला. आजूबाजूचेही हसले.

मी छातीइतक्या पाण्यात उभा होतो आणि मला दाजी दिसत होते. एक फोन करायचा होता. दाजी, विहिरीवर जाऊ नका, इथे या, हे वेगळं आहे. पण मग ते विचारणार — ‘इथे’ म्हणजे कुठे? तुमी काय करून राह्यले तिथं?

आणि आणखी एक. लिहू की नको... लिहितो. मनाच्या कोपऱ्यात मला बरं वाटलं. पळण्यात ते मला कधीही गाठणार. पण पाण्यातून मी आधी निघणार. किनाऱ्यावर सगळ्यांच्या देखत मी आधी निघणार.

शेवटचे काही दिवस उरले तेव्हा मी दाजींना म्हणालो, आता पोहण्याचं बघा थोडं. ते रोज शाळा सुटल्यावर मळ्यातल्या विहिरीत पोहू लागले. गोल गोल, काठाकाठानं. फोनवर सांगायचे, “लई भारी चालू हाय, पाव्हणं.” मी म्हणायचो, “वा.”

निघायच्या दिवशी अक्कानं धपाटे बांधून दिले. शेंगदाण्याची चटणी वेगळी. गाडीजवळ आली आणि दाजी ऐकत नाहीत असं बघून मला म्हणाली, “त्यांनी धरनाच्या पान्यात कधी पाय न्हाई टाकला रे. तू हाईस ना संगं?”

“आहे ना.”

“मंग मला बिलकुल घोर न्हाई.”

शर्यत दुसऱ्या जिल्ह्यात, एका धरणावर होती. हिवाळ्याची सकाळ, पाण्यावरून वाफ निघत होती. दाजींनी कुणाचा तरी अंगाला चिकटून बसणारा पोशाख आणला होता, त्यावरून टॉवेल सोडायला तयार नव्हते. “तुमच्या अक्कानं असं बघितलं तं घरात घ्यायची न्हाई.” आम्ही दोघंही हसलो. संयोजकांची माणसं एकेकाला विचारत होती — मोकळ्या पाण्यात पोहायचा सराव आहे ना? नसेल तर आता सांगा, कमीपणा नाही. दाजींनी माझ्याकडे बघितलं. मी ‘आहे’ म्हणून मान हलवली. त्यांनीही हलवली.

मग त्यांनी टॉवेल काढला आणि पाण्याकडे बघत राहिले. म्हणाले, “काठ लई लांब हाय हो.” आणि थोड्या वेळानं, “तुमी व्हा पुढं. मी मागंमाग येतो.”

आता पाणी आलं. आता मागे सरकायला जागा नाही.

सुरुवातीला नुसती झुंबड. हातपाय, फेस, कुणाचं कोपर तोंडावर. मी शिकवल्याप्रमाणे करत होतो. श्वास, हात, हात, श्वास. पुढे एक नारिंगी फुगा तरंगत होता, तिथून वळायचं. गर्दी पांगली. फुगा जवळ येत होता. मी खूश होतो, हेही सांगून टाकतो. आणि कुणीतरी माझा घोटा धरला.

मी झटकला. लाथ मारली. शर्यतीत असं होतं, एकमेकांचे हात लागतात, तसं समजून. घोटा सुटला. पुन्हा धरला गेला. या वेळी घट्ट, ओढून. मी खाली गेलो. नाकातोंडात पाणी, खाली काळं — मामाच्या विहिरीसारखं काळं. कसाबसा वर आलो, मान वळवली.

दाजी होते. टोपी निघालेली, केस कपाळाला चिकटलेले, तोंड उघडं. “पाव्हणं,” म्हणाले. ओरडले नाहीत. राजूरला चहा आला की ‘पाव्हणं, घ्या’ म्हणायचे, तेवढ्याच आवाजात. त्यांचा हात माझ्या घोट्यावर होता आणि त्यांचे डोळे माझ्या डोळ्यांत होते. मी दुसरा पाय पोटाशी घेतला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून लाथ मारली. टाच कशावर तरी बसली. पाणी नव्हतं ते. हात सुटला.

पहिली लाथ कुणाला बसली ते मला ठाऊक नव्हतं. दुसरी ठाऊक होती.

झालं सांगून? नाही. अजून आहे. बुडणारा माणूस दुसऱ्यालाही ओढतो, जीव सगळ्यांनाच प्यारा असतो — हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की त्यातला अर्थ निघून गेलाय. म्हणून पुढचंही सांगतो, म्हणजे तुम्हीही मला तसं काही सांगणार नाही. मी फुग्यापर्यंत पोहोचलो. दोन्ही हातांनी त्याला मिठी मारली. आता मला काही होणार नव्हतं. मागे बघितलं. जिथे दाजी होते तिथे नुसतं पाणी होतं. मदतीची नाव जवळच होती, तिच्यातला माणूस पाठमोरा उभा होता. हाक मारली असती तर त्यानं ऐकलं असतं. मी हाक मारली नाही. मी श्वास घेतला. आणखी एक घेतला. आणखी एक. विचार काय चालला होता? त्यांनी बघितलंय — एवढाच. दाजी वर आले तर सांगतील.

मग मी हात वर केला.

त्या माणसानं क्षणात उडी घेतली. त्याच्यात काही कमी नव्हतं, कुणाच्यातच नव्हतं. दाजींना किनाऱ्यावर आडवं केलं, छाती दाबली, गाडी तयार होती. छातीच्या वर, गळ्याखाली एक काळानिळा डाग उमटायला लागला होता. कुणीतरी म्हणालं, नावेत घेताना कड लागली असेल. मी म्हणालो, असेल. आणि तो नाववाला, भला माणूस, अक्का आल्यावर तिला म्हणाला, “यांनी हात वर केला म्हणून सापडले, ताई.” इस्पितळाच्या व्हरांड्यात अक्कानं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. लहानपणी अंगणात धरलं होतं तसंच. “तू व्हतास म्हनून,” म्हणाली. मी मान खाली घातली, आणि लोकांना तो माझा चांगुलपणा वाटला.

दाजी वाचले. मेंदूला बराच वेळ हवा मिळाली नाही, डॉक्टर म्हणाले. उजवी बाजू जवळपास गेली. बोलणं गेलं. पोरांकडून पाढे पाठ करून घेणाऱ्या माणसाला हाताची बोटं मोजता येईनात. घरी आणलं तेव्हा भोकरदनची निम्मी पोरं दारात उभी होती. दाजींनी त्यांच्याकडे बघितलं आणि कुणालाच ओळखलं नाही.

काही महिन्यांनी पहिला शब्द आला. अक्काचा फोन — रडत होती, हसत होती. “बोलले रे! ‘पाय’ म्हनले! आरं, त्यांना पळनं आठवून राह्यलं!” तिनं ते सगळ्यांना सांगितलं. पायांना मालीश सुरू केलं, तिळाचं तेल कोमट करून, रोज. त्यांचे पळायचे बूट पुसून खाटेजवळ ठेवले, त्यांना दिसतील असे. आजही तिथेच आहेत. त्यावरची धूळ ती दर दोन दिवसांनी पुसते.

मी दर रविवारी जातो. सायकलवर नाही, बसनं. ओसरीत खाट, भिंतीला टेकून दाजी बसलेले. मी दिसलो की म्हणतात, “पाय.” अक्का आतून म्हणते, “बघ, तू आला की त्यांना लगेच आठवतं. एरवी आठ-आठ दिवस शब्द न्हाई.” आणि तेलाची वाटी माझ्या हातात देते.

एरवी म्हणत नाहीत. फक्त मी आलो की. तुम्ही म्हणाल, मनाचे खेळ असतील. असतील. डॉक्टर म्हणतात त्यांना त्या दिवसाचं काहीही आठवत नसणार. मी त्यांचे पाय मांडीवर घेतो आणि तेल चोळतो. पोटऱ्या पार सुकल्यात. पळणाऱ्या माणसाच्या पोटऱ्या होत्या त्या. ते माझ्याकडे बघत राहतात, नजर न हलवता, आणि थोड्या थोड्या वेळानं म्हणतात, “पाय.” अक्का म्हणते, जरा जोरात दाब रे, तुझा हात त्यांना मानवतो. मी जोरात दाबतो.

ती अजून सगळ्यांना सांगते. राखीला सांगते, हळदी-कुंकवाला सांगते — माझ्या भावानं पाण्यातून काढलं. ‘त्याला लहानपणापासून पोहता येतं ना,’ असंही सांगते. मी समोर बसलेला असतो. चहा पितो.

गेल्या रविवारची गोष्ट. मी खाटेवरच त्यांच्याकडे तोंड करून बसलो होतो, एक पाय खाली, एक दुमडून वर घेतलेला. तेल लावणं चालू होतं. अक्का स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. दाजींचा डावा हात, जो चालतो तो, हळूहळू पांघरुणावरून सरकत आला आणि त्यांनी माझा घोटा धरला. ताकद फार नव्हती. बोटं एकेक करून मिटली. मी वर बघितलं. त्यांचे डोळे माझ्या डोळ्यांत होते.

काही बोलले नाहीत. ‘पाय’सुद्धा नाही. नुसता धरून ठेवला. राग होता का त्या डोळ्यांत? खूप बघितलं मी. नव्हता. ते धरून होते, बस. मला वाटतं, तेव्हाही पाण्यात एवढंच हवं होतं त्यांना. मी तिथेच बसून राहायचं होतं. ओसरी होती, कोरडी जमीन होती, कुणी कुणाला बुडवणार नव्हतं.

मी पाय झटकला.

तेलाची वाटी उलटली, खाट करकरली. दाजींचा हात तसाच पांघरुणावर पडून राहिला, बोटं अर्धी मिटलेली. आवाज ऐकून अक्का भाकरीच्या पिठाच्या हातानं दारात आली. तिनं सांडलेलं तेल बघितलं, दाजींचा हात बघितला, आणि कितीतरी दिवसांनी मोकळी हसली.

“गुदगुल्या झाल्या का रे?”

मी हो म्हणालो.